डाव्या टाचेतले सहा मिलिमीटर

मंगळवार, १४ तारीख
दुकानात, दुपारी तीन

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र शनिवारी मिळालं. इकडे सगळे ठीक. हिचा खोकला गेला. भाऊजींना सांग, त्यांच्या काळ्या बुटांची शिवण झाली.

दुपारी दुकानात कुणी नसतं. काचेतून आलेलं ऊन फळीवरून हळूहळू सरकतं आणि ओळीने ठेवलेले बूट एकेक करून उजळतात. वाटतं, न दिसणारी माणसं त्यांत पाय घालून उभी आहेत. अशा वेळी मला तुझी चाल ऐकू येते. दारात कोण आलं हे मी मान वर न करता सांगतो. कुणी शिकवलं नाही, माझं मी शिकलो. पण स्वप्नात येते ती फक्त तुझी चाल. परवा तू एका लाकडी जिन्यावरून उतरत होतीस आणि जिना संपतच नव्हता. उजवा पाय ठाम, डावा जरा उशिरा. ठक्... टुक्. ठक्... टुक्.

तू लिहिलंस, फिजिओबाईंनी दिलेले व्यायाम तीन महिने रोज करते आहेस. हात न टेकता खुर्चीतून दहादा उठायचं, कुशीवर झोपून डावा पाय उचलायचा, पायरीवरून सावकाश उतरायचं. तरी डावी मांडी उजवीला गाठत नाही, त्याही कोड्यात पडल्यात. 'माझंच काहीतरी चुकत असणार. एक तारखेपासून बंद करते.' हे मी चारदा वाचलं.

मीही काउंटरमागे एका पायावर उभा राहून पाहिलं. अकराव्या सेकंदाला पोस्टमन आत आला. "काय मास्तर, बगळा झालात? मासा दिसला का?" मी म्हटलं, "टपाल ठेव आणि चालू पड."

इकडचं तिकडचं पुरे. बंद करू नकोस.

चार वर्षांपूर्वी तू टाच बदलायला आलीस, तेव्हा चालीतला फरक मी पहिल्यांदा ऐकला. डावा पाय आखूड, असं ठरवून टाकलं. तुला न विचारता डाव्या टाचेच्या आत चामड्याचा दोन मिलिमीटरचा थर घातला. पुढच्या वर्षी आणखी एक. मग तिसरा. बाहेरून कुणाच्या बापाला कळणार नाही असं काम, आणि त्याचा मला केवढा तोरा!

गेल्या खेपेला तूच सांगितलंस की फिजिओबाईंनी दोन्ही पाय मोजले, अगदी सारखे निघाले. पाळी गेल्यावर स्नायूंची ताकद उतरली, डाव्याची जास्त, आणि उजवा त्याचं ओझं वाहतोय. मी म्हणालो, "पायांचं मला कुणी शिकवू नये." तू हसलीस. मला तेव्हाच कळलं होतं, ताई. व्यायाम तू करतेस अनवाणी, अर्धा तास. उरलेला दिवस माझ्या बुटांत, सहा मिलिमीटरने उजवीकडे कललेली, सगळा भार उजव्यावर.

आणि हेही लिहितो. त्या पहिल्या वेळी तू काउंटरला टेकून म्हणाली होतीस, "पाळी गेल्यापासून हे पाय माझे वाटतच नाहीत रे." मी खाली वाकून पॉलिशची डबी शोधायला लागलो. डबी समोरच होती. स्टूल पुढे करून 'बस, बघू' म्हणायचं होतं. टेप खिशातच होता.

सोबत नवा जोड पाठवतो आहे. दोन्ही टाचा सारख्या, तीनदा मोजल्या. जुना जोड आता घालू नकोस. तो फिजिओबाईंकडे ने आणि त्यांच्यासमोर डावी टाच उघडून दाखव. भावाने केलं म्हणून सांग. हसल्या तर हसू देत. चूक व्यायामाची नव्हती, तुझी तर नव्हतीच.

मग एखाद्या दुपारी ये. स्टूल दाराशी आणून ठेवलं आहे. या वेळी तू बोलशील आणि मी समोर बसेन.

तुझा धाकटा,
ज्याने गल्लीभरचे पाय मोजले आणि तुझे मात्र नुसते ऐकले