पेढ्याचं स्थळ

४ ऑगस्ट, श्रावणी सोमवार
आले: निफाडहून सुवर्णाताईकडून बेदाणे, दोन किलो. खर्च: स्टँडवरून रिक्षा, साठ. बेदाणे म्हणजे होकारच. तिच्या राणी कुत्रीला आमचा पेढ्या पसंत. एक पिल्लू आपल्याला ठरलंय. मीही कळवलं होतं, मुलगा निर्व्यसनी, पंचवटीत वाढलेला.
पेढ्या सारखा स्वतःला चाटतोय. लग्नाची हुरहूर असावी.

५ ऑगस्ट
हुरहूर नव्हे. ती जागा सुजली आहे. लिंबाएवढी. दवाखान्यात फोन केला, खाली सुजलंय म्हटलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, खाली म्हणजे पायाला का? मी म्हटलं, त्याच बाजूला. मलम सांगितलं, एकशे दहा. फी वाचली.
साक्षी म्हणाली, आई, सरळ वृषण म्हण ना, आम्हाला बायॉलॉजीत आहे. म्हटलं, श्रावण आहे.

७ ऑगस्ट
मलम चारही पायांना लावलं. पाय छान झालेत. सूज मोसंबीएवढी. हळदीचा लेप द्यायला गेले तर गुरगुरला. निश्चय: दोन्ही वेळा रामरक्षा, कपाळाला रामकुंडाचं तीर्थ. उतार पडणारच.
हे म्हणाले, माझ्या हर्नियाच्या वेळीही तू डॉक्टरला कंबर सांगितलंस, महिनाभर पट्टा बांधून हिंडलो. जुनं उकरून काढायची सवयच यांना.

१० ऑगस्ट
पेढ्या उठत नाही. दुधाला तोंड लावत नाही. उपवास धरलेला दिसतो. अंग गरम. कण्हतोय, पण नामस्मरणासारखं वाटतं.

१२ ऑगस्ट, अंगारकी
ह्यांनी त्याला उचलून रिक्षात घातलं. मला विचारलंही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाली, मावशी, आत पू झालाय, ताप अंगभर. तेव्हाच जागा नीट सांगितली असती तर गोळ्यांवर भागलं असतं. आता दोन्ही काढायची, नाहीतर जातोय तो. मान डोलावली.
तिचा कंपाउंडर झिपरू बाहेर येऊन ओरडला, दोन अंडी काढायची, ती कुणाची?
समोरच्या बाकावर भजनी मंडळाच्या लताबाई, मांजर घेऊन. म्हणाल्या, अगं बाई, अंडी? श्रावणात? तेही अंगारकीला? तुमच्याकडे?
गप्प बसले असते तर मंडळातून नाव गेलं असतं. उभी राहून म्हटलं, आमची नव्हेत हो, कुत्र्याची! वृषणं! सुजलेली!
बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. आनंदाने.

१४ ऑगस्ट
पेढ्या वाचला. मला बघून शेपूट हलवलं. रामरक्षेचा गुण. ऑपरेशन सहा हजार दोनशे. वहीत 'धार्मिक'खाली घातले. ताईला कार्ड टाकलं:
ती. सौ. सुवर्णाताईस सा. न. पेढ्याने ब्रह्मचर्य स्वीकारलं आहे. कारण विचारू नये. राणीला दुसरं स्थळ बघावं. बेदाणे नैवेद्यात संपले. राग आला किंवा कसे, ते उलट टपाली कळवावे. फोन करू नये. फोनवर शब्द उच्चारावे लागतात.