चोवीस मिनिटांचे गाणे नोंदवहीत एका ओळीचे धरल्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
वाचनालय विभाग, नगरपालिका.

विषय : श्रवणकक्षातील मेटल संगीताची फळी न हटवण्याबाबत व श्रोत्यांची मोजणी नव्याने करण्याबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र जा. क्र. ३१२, दि. २ मार्च.
२) रविवारी दुपारी जेवताना झालेली चर्चा.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, अर्जदार ही आपली आई असून आपल्याच घरी मागच्या खोलीत राहते. तरीही हा अर्ज टपालाने येत आहे, याचे कारण संदर्भ क्र. २ मध्ये आहे. अर्जदाराने विषय काढताच आपण ताटातून मानही वर न करता म्हणालात, "आई, घरात ऑफिस नको. काय असेल ते लेखी दे." सूनबाई साक्षीला आहेत. अर्जदाराने एकोणतीस वर्षे रुग्णालयाच्या धुलाई विभागात काढली असून लेखी कसे द्यायचे हे तिला चांगले ठाऊक आहे.

१. आपल्या पत्रानुसार "पॉवर व प्रोग्रेसिव्ह मेटल" ही फळी, एकूण दोनशे सहा सीडी, बुधवार दि. २० मार्च रोजी काढून रद्दीत जमा होणार आहे. कारण दिले आहे : "श्रोतृसंख्या नगण्य." हा शब्द वाचून अर्जदाराच्या अंगाचा तिळपापड झाला.

२. ही संख्या आली कुठून, ते पाहावे. श्रवणकक्षाच्या दाराशी एक नोंदवही असते. ती सांभाळणाऱ्या कारकुनांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. नियम असा की जे गाणे वाजेल, त्याची एक ओळ. मंगळवारी येणारे एक गृहस्थ तासाभरात चौदा हलकीफुलकी गाणी लावतात, त्यांच्या चौदा ओळी होतात. त्यातला निम्मा वेळ ते खुर्चीत घोरत असतात, पण घोरण्याची नोंद नियमात नाही. बुधवारी मेटल ऐकणाऱ्यांच्या बैठकीत मात्र एक गाणे चोवीस मिनिटांचे, दुसरे एकोणीस, तिसरे अकरा. झाल्या तीन ओळी. शिवाय एका यंत्राला पाच हेडफोन लावून पाच जण ऐकतात आणि चार जण मागे उभे राहून आपली पाळी कधी येते याची वाट बघतात, तरी ओळी तीनच! म्हणजे एक झोपलेला माणूस चौदा, आणि नऊ जागी माणसे तीन. आपल्या कार्यालयाने वर्षभराच्या ओळी मोजल्या. माणसे कोणीच मोजली नाहीत.

३. हे नऊ जण रिकामटेकडे असावेत असा आपला समज दिसतो. त्यात लिफ्ट दुरुस्त करणारे मेकॅनिक आहेत, गणिताच्या शिकवणीच्या बाई आहेत, फरशी बसवणारे कारागीर, बेकरीतल्या दोघी बहिणी, कवळ्या बनवणारे गृहस्थ, शस्त्रक्रिया विभागातल्या सिस्टर, एक बसचालक आणि स्वतः अर्जदार. सगळे काम सांभाळून येतात, बसचालक तर गणवेशातच. यांच्यात दोन तट आहेत हेही लपवायचे नाही. बेकरीच्या बहिणी पॉवर मेटलच्या. त्यांना तलवारी लागतात, वादळ लागते, छप्पर फाडणारा वरचा सूर लागतो, आणि शेवटी पन्नास जण एकदम गाऊ लागले की दोघी मुठी वळून हात उंच करतात. हे सर्व तोंडातून अवाक्षर न काढता. मेकॅनिक आणि गणिताच्या बाई प्रोग्रेसिव्हच्या. ते बोटांवर ठोके मोजतात : सात, सात, सात, मग मध्येच पाच. एका ठिकाणी तेरा ठोके आहेत की सात अधिक सहा, यावरून त्यांनी तीन आठवडे बोलणे टाकले होते. शेवटी सिस्टर कडाडल्या, "अहो, नुसतं ऐका ना!" ज्या संगीतावरून माणसे तीन आठवडे अबोला धरतात, ते लोकप्रिय नाही असे आपण कोणत्या तोंडाने म्हणता?

४. ओळी कमी पडतात म्हणून फेब्रुवारीत भाऊसाहेबांनीच तोडगा सुचवला. "नियमात राहून वाढवा की," असे ते म्हणाले. त्यानुसार गाण्याची चाल जिथे बदलेल तिथे नवी ओळ लिहिण्याचे ठरले. चोवीस मिनिटांच्या त्या एका गाण्याच्या सदतीस ओळी झाल्या, आणि दोन बुधवारांत वही संपली. त्या महिन्यात ही फळी सर्व प्रकारांत पहिली आली. त्यावर आपल्या कार्यालयाने भाऊसाहेबांना "नोंदवहीचा गैरवापर" म्हणून नोटीस धाडली आणि तो महिना "अपवादात्मक" ठरवून गाळला. ओळी अर्जदाराने लिहिल्या आहेत. नोटीस तिला द्यावी, तिच्या खोलीचा पत्ता आपल्याला माहीत आहे. मात्र एक खुलासा व्हावा. थोडे श्रोते असले की नगण्य, भरपूर असले की अपवादात्मक. मग आपल्याला नेमके किती हवेत?

५. सदर संगीत म्हणजे "गोंगाट" असेही पत्रात नमूद आहे. हेडफोन कानाला असताना तो बाहेर कोणाला ऐकू आला, याची चौकशी झालेली नाही. अर्जदाराने एकोणतीस वर्षे आठ मोठ्या यंत्रांमध्ये उभे राहून चादरी पिळल्या आहेत. गोंगाट म्हणजे काय, हे तिला कोणी शिकवू नये.

६. आता जे लिहायचे आहे ते अर्जाच्या नमुन्यात बसत नाही, तरी लिहिणे भाग आहे. आपण शाळेच्या शेवटच्या वर्षाला होतात तेव्हा आपल्या खोलीतून दिवसभर हेच वाजत असे. अर्जदार कामावरून डोके भणभणत घरी येई आणि दारावर मुठी आपटे. सहामाहीत गुण घसरले. वार्षिक परीक्षेचा पहिला पेपर द्यायला आपण गेलात, त्या सकाळी अर्जदाराने आपल्या एक्केचाळीस सीडी धुलाईच्या पोत्यात भरल्या आणि वाचनालयाला देऊन टाकल्या. संध्याकाळी आपण विचारलेत, तर तुझ्याच कोणा मित्राने नेल्या असतील असे ती म्हणाली. ते खोटे होते. आपण परत कधी विचारले नाहीत, आणि त्यानंतर त्या खोलीतून गाणेही कधी ऐकू आले नाही. आपण साहेब झालात, याचा अर्जदाराला अभिमान आहे.

निवृत्तीनंतर अर्जदार वर्तमानपत्र वाचायला वाचनालयात जाऊ लागली. तिथे ती फळी दिसली. एक कव्हर उघडले तर आत आपले अक्षर. पहिली सीडी तिने केवळ शरमेपोटी ऐकली, आणि काडीचे कळले नाही. पुढच्या बुधवारी पुन्हा ऐकली. त्यात एका जागी सगळी वाद्ये एकदम थांबतात आणि एकच माणूस हळू आवाजात गातो. तिथे अर्जदाराला रडू आवरले नाही. फरशीवाल्यांनी रुमाल दिला. एवढं सगळं तू दाराआड ऐकत होतास, आणि मी दार बडवत होते.

असो. मुद्दा असा की जी फळी आपण रद्दीत काढत आहात, ती आपल्याच एक्केचाळीस सीडींपासून सुरू झाली आहे. बाकीच्या लोकांनी आणून आणून दोनशे सहा केल्या. हे लोकप्रियता म्हणून धरावे.

७. सबब, मोजणी ओळींची न करता माणसे गुणिले मिनिटे अशी करावी, भाऊसाहेबांची नोटीस मागे घ्यावी आणि जा. क्र. ३१२ चा आदेश रद्द करावा. हे मान्य नसेल तर वरील एक्केचाळीस सीडी आपणास रद्दीत काढता येणार नाहीत, कारण ज्या बाईने त्या दान केल्या तिला तो अधिकारच नव्हता. त्या मूळ मालकाला परत कराव्या लागतील. मालकाने स्वतः यावे. शिपाई पाठवल्यास अर्जदार खुर्चीवरून उठणार नाही, आणि उरलेले आठ जणही उठणार नाहीत. पोलीस बोलवायचे तर खुशाल बोलवावेत, मात्र गाणे संपेपर्यंत त्यांनाही थांबावे लागेल.

या अर्जाचे उत्तर लेखीच द्यावे. जेवताना दिल्यास ऐकून घेतले जाणार नाही.

आपली, एरवी नम्र,
(सही)
अर्जदार
दि. १४ मार्च

सोबत :
१) आपल्या पत्राची छायाप्रत.
२) नऊ श्रोत्यांच्या सह्या. फरशीवाल्यांच्या सहीवर सिमेंटचा डाग आहे, तो सहीचाच भाग समजावा.
३) चार बैठकांचे मिनिटवार टिपण, गणिताच्या बाईंच्या अक्षरात.
४) एका सीडीचे कव्हर. आत मूळ मालकाचे नाव व "कोणीही हात लावू नये" अशी सूचना, वय वर्षे सोळाच्या अक्षरात. सीडी कव्हरात नाही, ती वीस तारखेला चार वाजता लावण्यात येईल. उशीर झाला तरी ये, पहिल्यापासून पुन्हा लावू.