जंगलात न्यायच्या दोन झोळ्या

आदिलाबाद
गुरुवार, १२ डिसेंबर २०२४

चि. वल्लरीस,
अनेक आशीर्वाद.

आमी दोघं बरे आहोत. तू तिकडे हैदराबादेत बरी असशील, आन वेळेवर जेवत नसशील हेही मला माहीत आहे. इकडे थंडी कडक पडली आहे. सकाळी नळाखाली हात धरवत नाही. बाबा कानटोपी घालूनच चहा पितात आन चहा झाला की कानटोपी कुठं गेली म्हणून घर धुंडाळतात.

पत्र काऊन लिहून राह्यली, असं वाटलं असेल तुला. रोज संध्याकाळी फोन होतोच. पण फोनवर तू 'आई' म्हणून सुरुवात करतेस आन माझं सांगायचं तसंच राहून जातं. दिवाळीला स्वयंपाकघरात तू विचारलंस, त्याचंही तेच झालं. "आई, ऑफिसातल्या अनुपनं लग्नाचं विचारलं आहे. तुमी हो म्हणाल तरच मी हो म्हणीन." एवढं सरळ बोललीस तू, आन मी म्हणाले, पोळी करपून राह्यली. नंतर तू पुन्हा विषय काढला नाहीस. तू तशीच आहेस, दुसऱ्याला अडचणीत पकडत नाहीस.

उत्तर या पत्रात आहे का, ते अजून मलाच माहीत नाही. लिहिता लिहिता बघू. आधी दुसरीच गंमत सांगते.

आमी दोघं शनिवारी रात्री जंगलात झोपणार आहोत. हसू नको. झाडांना झोळ्या बांधून, तू आन आदित्य जायचे तसंच.

झालं असं की थंडीच्या गोधड्या काढायला मी बाबांना माळ्यावर चढवलं. गोधड्यांच्या मागं आदित्यची ती हिरवी पाठपिशवी निघाली. तो गेल्यापासून तीन वर्षं तिला कोणी हात लावला नव्हता. तुला फोनवर सांगितलं तर तू म्हणालीस, कोणाला तरी देऊन टाका, वापरात राहील. तुझं बरोबरच होतं. पण बाबा म्हणाले, द्यायच्या आधी मालाचा मुआयना झाला पाहिजे. तहसीलीत जन्म गेला, पेन्शन सुरू झाली, तरी अंगातली कचेरी काही जात नाही. सतरंजी अंथरली, चष्मा पुसला आन एकेक वस्तू काढून मांडायला लागले.

एक निळी झोळी, एक मातकट. तुमी त्याला हॅमॉक म्हणता. वावरात कापूस वेचणाऱ्या बाया लेकरासाठी लिंबाला लुगड्याची बांधतात, तीच ही, मोठ्या माणसांची. झाडाला गुंडाळायचे रुंद पट्टे, सालीला काचू नये म्हणून. कड्या. मुठीत मावेल एवढी घडी होणारी ताडपत्री. चेनची मच्छरदाणी. डोक्याला बांधायची बॅटरी, तिचे सेल गळून गेले होते. आन तळाशी त्याची लोकरीची टोपी. मी ती नाकाशी धरली. वाटलं होतं त्याचा वास येईल. पिशवीच्या रबराचाच वास आला. टोपी धुवायला टाकली मी.

मग बाबाच म्हणाले, देऊच, पण एकदा आपण वापरून पाहू. मला काय झालं कोण जाणे, मी हो म्हणून बसले.

झोळी धड आहे का, हे आधी घरातच बघावं असं ठरलं. मधल्या खोलीत आदित्यचा पाळणा टांगायचो, त्या कड्या अजून आहेत. बाबांनी निळी झोळी बांधली आन हलवायला लागले. मी ओरडले. रिकामा पाळणा हलवू नये, घरातल्या लेकराला बाधतं, हे का मी त्यांना या वयात शिकवायचं? ते म्हणाले, या घरात लेकरू आहे कुठं? बोलून गेले खरे, पण झोळी त्यांनीच धरून थांबवली. शेवटी मी वरवंटा आणला. बारशाला पाळण्यात आधी वरवंटा निजवतात तसाच फडक्यात गुंडाळून झोळीत ठेवला आन म्हटलं, हं, हलवा आता. यांनी असा झोका दिला की वरवंटा त्या घसरट कापडावरून सुटला आन थेट यांच्या अंगठ्यावर. डॉक्टरनं विचारलं कशानं लागलं, तर म्हणे दार लागलं. वरवंट्याचं बारसं करत होतो, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

दुपारी ते कण्हत झोपी गेल्यावर मी हळूच त्या झोळीत जाऊन पडले. कापड दोन्ही अंगांनी वर येतं. खोली दिसतच नाही, वरचा छताचा तुकडा तेवढा दिसतो. रस्त्यावर कोणी तेलुगूत भाजीचे भाव ओरडत होतं, शेजारची सून कोणाशी उर्दूत हसत होती, दूर अजान चालली होती, आन सगळं विहिरीच्या तळातून ऐकू येत होतं. आदित्यला पाळण्यात हे असंच ऐकू येत असेल, असं मनात आलं. कधी डोळा लागला कळलं नाही. झोपेत कोणीतरी 'आई' म्हणालं. उठून पाहते तर दिवेलागण झालेली आन तुझा फोन वाजून राह्यलेला. त्या दिवशी मी तुझ्याशी नीट बोलले नाही. राग नव्हता गं.

जागा सुरेंद्रनं दिली. सुरेंद्र मडावी, आदित्यचा शाळेतला मित्र, आता स्वतःच मास्तर झाला आहे. इंद्रवेल्लीकडे त्यांचं शेत आहे, शेतामागं साग आन मोहाची झाडं. तो म्हणाला, काकू, मी शेतातल्या खोलीत झोपतो, तुमी हाक मारली की आलोच. दोन अटी घातल्या त्यानं. वाळल्या पाल्यात जाळ करायचा नाही, आन जेवणाचा डबा खोलीत ठेवायचा, अस्वलाला वास लागतो.

मग आमचं भरणं सुरू झालं. मी भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, थर्मास आन लाडवांचा डबा काढला. बाबांनी काठी, छत्री, प्लास्टिकचं स्टूल, गरम पाण्याची पिशवी आन पंचांग काढलं. डिसेंबरात छत्री कशाला, तर म्हणे असू द्यावी. आदित्यचा नेम आठवतो ना तुला? पिशवी भरली की पाठीवर घेऊन अंगणात चकरा मारायचा आन जड वाटेल ते काढत जायचा. बाबांनी तसंच करायचं ठरवलं. पिशवी पाठीवर घेतली, तुळशीपर्यंत गेले आन तिथंच बसले. म्हणाले, हे सामान नाही, बिऱ्हाड आहे. मग छत्री गेली, स्टूल गेलं, लाडू अर्धे झाले. पंचांग मात्र राहिलं, चंद्र कधी उगवतो ते बघायला म्हणे. चंद्र काय पंचांगाला विचारून उगवतो?

गोधड्या मात्र मी काढू दिल्या नाहीत. तू पहिल्यांदा जाऊन आलीस तेव्हा दात वाजत होते तुझे. म्हणाली होतीस, आई, अंगावर कितीही घ्या, झोळीत थंडी पाठीखालून येते. म्हणून मी दोन गोधड्यांना चारी कोपऱ्यांवर बंद शिवले आहेत. त्या झोळीच्या खालून, बाहेरच्या अंगानं बांधायच्या. हे तुझ्यामुळं सुचलं. आज मार्गशीर्षातला गुरुवार, पूजा करून बंद शिवायला बसले ते आत्ता उठले.

शनिवार, संध्याकाळ, सुरेंद्रच्या शेतामागं

झोळ्या बांधून झाल्या. पहिल्यांदा बाबांनी खाटेसारखी ताणून बांधली आन बसताच पलीकडे पडले. मग मी सांगितलं, सैल सोडा, मधे पोट येऊ द्या, आन तिरपं झोपा. हे मी तुमच्याच बोलण्यातून ऐकलेलं, तेव्हा वाटायचं काय हे खूळ. त्यांनी मातकट झोळी घेतली. निळी माझ्याकडे आली, म्हणजे तुझी.

चंद्र वर आला आहे, जवळजवळ पुरा. सागाचं वाळलेलं पान पडलं की कोणी पत्रावळ टाकल्यासारखा आवाज येतो, आन मग बराच वेळ काही नाही. मोहाच्या बुंध्यावर उजेड सांडला आहे. धुकं शेताकडून हळूहळू येऊन राह्यलं, आपल्याला काही घाई नाही असं. हात गारठले, उरलेलं घरी लिहिते.

सोमवार, घरी

वल्लरी, त्या रात्रीबद्दल सांगते. झोळीत पडलं की एकमेकांचं तोंड दिसत नाही. बाबा दोन झाडं पलीकडे, पण मला फक्त दोरीची करकर ऐकू येत होती. पाठीला गोधडीची ऊब, नाक तेवढं गार. वरती सागाच्या पानांतून चांदणं हलत होतं. मी झोपेत होते की जागी, सांगता येणार नाही. एकदा वाटलं, पलीकडच्या झोळीत आदित्य आहे, आन मला ते अजिबात विचित्र वाटलं नाही. तेवढ्यात बाबांचा आवाज आला.

"ऐकून राह्यली का? पोरीले काऊन थांबवून ठेवलं तू?"

मी विचारलं, तुमाले कोणी सांगितलं? म्हणाले, दिवाळीले मी दारातच होतो, पोळी काही करपली नोती.

तोंड दिसत नव्हतं म्हणूनच बोलू शकले असेन. माझ्यातल्या ज्या बाईला मी इतके दिवस लपवून ठेवलं होतं, ती बोलली. "तिनं लग्न केलं की मले आई म्हननारं कोनी राह्यत नाही."

त्यांच्या झोळीची करकर थांबली. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "तिले तरी लेक म्हननारं कोन आहे?"

तू लहान असताना तुझी आई गेली, वडील गेले, भैंसा गावच्या मामांनी वाढवलं, हे मला का माहीत नव्हतं? पण मी सारखं माझंच मोजत बसले. माझा मुलगा गेला, माझं घर रिकामं झालं, माझा फोन वाजला पाहिजे. तू तीन वर्षं रोज फोन करून राह्यली, सणाला येऊन राह्यली, आन मी समजत होते हे तर व्हायलाच पाहिजे.

मग रडू आलं. झोळी हलायला लागली तर बाबा विचारतात, थंडी वाजून राह्यली का? मी म्हणाले, नाही. थोड्या वेळानं ते पुन्हा बोलले, आता झोपेतल्यासारखे.

"आपल्याले एकच पोरगा. कन्यादान राहूनच गेलं आपलं."

 सकाळी दव इतकं की ताडपत्रीवरून धार लागली होती. सुरेंद्रनं चहा आणला. पिशवी त्यालाच दिली, त्याच्या शाळेची पोरं नेतील कुठं कुठं.

तर उत्तर असं. अनुपला हो म्हण. मनापासून म्हण, माझ्याकडे बघून नको. त्याला घेऊन ये, मला बघायचा आहे, आन मी त्याला उलटसुलट विचारणार आहे, तेव्हा त्यानं तयारीनं यावं. आदित्यचा फोटो भिंतीवरच राहील, तो कोणी काढणार नाही.

तुझ्या मामांना मी स्वतः फोन करते. मागच्या वेळी आदित्यच्या हातात तुझा हात त्यांनी दिला, त्यांचा मान मोठाच आहे. पण या वेळी मांडवात तुझ्या बाजूला आमी दोघं जोडीनं बसणार. 'दान' हा शब्द तुला पटत नाही, हे माहीत आहे मला. त्या लग्नातही तू भटजींशी भांडली होतीस, मी काय वस्तू आहे का म्हणून. तर दुसरं काही म्हण त्याला, वाटेल ते म्हण. पण तुझा हात त्या पोराच्या हातात आमीच देऊ. मामा नाही म्हणाले तर मी भैंशाला जाऊन त्यांच्या दारात बसेन.

आन दिवाळसणाला जावयाला घेऊन कुठं यायचं, हे मला वेगळं सांगायला लावू नको.

तुझ्या माहेराहून,
आई