हेळव्यानं वगळलेली लेक

लातूर

चिरंजीव गुरुलिंगास अक्काचा आशीर्वाद.

लातूर जिल्हा झाल्यापासून आमचं दुकान बरं चाललंय. प्यायला पाणी मिळतंय, घोर करू नको. आप्पांचा खोकला कसा हाय?

काल पिढ्या सांगणारा हेळवी बैल घेऊन दारी आला. मी हौसेनं माहेरच्या पिढ्या विचारल्या. पणजोबा बसलिंगप्पांचं नाव ऐकून अंगावर काटा आला. मग आजोबा, आप्पा, तू, तुझा पाळण्यातला लेक. तिथंच थांबला.

"आन् थोरली लेक?" मी म्हटलं.

"लेकींची नावं घेत नसतेत, बाई."

दुष्काळात सूपभर ज्वारी घालून हेच ऐकायचं व्हतं! लई जळले बघ तुझ्यावर.

तुझ्या दारी आला की त्याच्यासमोर माझं नाव मोठ्यानं घे.

बाळाला मुका. त्याचाबी हेवा वाटला, पण त्याच्या आईला सांगू नको.

तुझ्याआधी जन्मलेली,
रत्नम्मा