चमचाभर रस्सा

॥ श्री ॥
बडोदे, ९ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. विनितास, लीलाताईचे अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पेन हातात धरलंय. उचललास तरी संग्राम शेजारी पडून ऐकत असतो, म्हणून 'सगळं ठीक' एवढंच सांगतेस. अगं, सख्ख्या भावाची तब्येत मला तुझ्या लेकीच्या हिंदीतून कळावी?

भाऊबीजेला मी येतेय. कांदा-लसूण मसाला कुटून ठेवलाय. मटणाचा रस्सा मीच करीन आणि माझ्या हातानं त्याला भरवीन. पोटात नळी घालून पातळ काहीतरी सोडायचं, त्याला काय जेवण म्हणायचं? अशानं धडधाकट माणूससुद्धा खंगेल. रागावू नकोस. लग्न होऊन आलीस तेव्हा तुला भाकरी थापायची मीच शिकवली, तेवढा हक्क आहे माझा.

लोभ आहेच, तो रुसव्यानं आटू देऊ नकोस.
तुझी लीलाताई

॥ श्री ॥
मुरार, ग्वाल्हेर, १७ ऑक्टोबर २०२४

ती. लीलाताईंस, विनिताचा शि. सा. न. वि. वि.

जरूर या. पण रस्सा नको. मोटर न्यूरॉनचा हा आजार यांचे हातपाय घेऊन थांबला नाही, आता घशावर आलाय. घास पोटात जायचा तो फुप्फुसात जातो. डॉक्टरांनी तोंडानं पाणीसुद्धा मना केलंय. रोजची गोळी आहे, ती बरं करत नाही, नुसते दिवस लांबवते. डोकं मात्र पूर्वीसारखंच तल्लख आहे, आणि तेच वाईट.

बोलणं गेलं. गरिमानं बाजारातून लहान मुलांचा वर्णमालेचा तक्ता आणलाय. मी अक्षरांवरून बोट फिरवते, हवं तिथं हे डोळे मिटतात. असं जुळवून काय मागतात ठाऊक आहे? रस्सा. उन्हाळ्यापासून रोज. मी रोज नाही म्हणते. मान फिरवता येत नाही, म्हणून मग हे नजर फिरवतात. गरिमा म्हणते की मम्मी तर पप्पांची दुश्मनच झालीय.

तुम्ही मोठ्या, तुम्हाला सांगणारी मी कोण! तरी पदर पसरते, भरवू नका.

उणंदुणं पोटात घालून माया असू द्यावी.
तुमची विनिता

॥ श्री ॥
बडोदे, १४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. विनितास आशीर्वाद.

मी ग्वाल्हेरहून निघाले आणि दुसऱ्याच दिवशी संग्रामला ताप चढला, न्यूमोनियानं आयसीयूत ठेवलंय, हे गरिमाकडून कळलं. विनिता, मी भरवलं गं. ओवाळलं तेव्हा तू स्वयंपाकघरात होतीस. चमचाभरच. भाऊबीजेला भाऊ वाटीकडे बघतोय आणि बहिणीनं वाटी उचलून न्यावी, हे माझ्यानं होईना. ठसका लागला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मेलीला वाटलं, आनंदाचं!

गरिमाला फोनवर सगळं सांगितलं. तेव्हापासून ती माझा फोन कापते. तू एवढं जिवापाड जपलंस आणि मी मातीत घातलं. शिव्या दे, पण दोन ओळी लिही.

लोभ मागायचं धाडस नाही.
लीलाताई

मुरार, ९ डिसेंबर २०२४

ती. लीलाताईंस, विनिताचा नमस्कार.

तेराव्याला आलात, कोपऱ्यात बसलात, न जेवता गेलात. बायकांच्या गराड्यात मला बोलता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर धीरही झाला नाही.

तुमच्या हातातला चमचा मी दारातून पाहिला होता. ओरडले नाही. ठसका थांबला, रात्री हे शांत झोपले. वाटलं, निभावलं.

दुसऱ्या दिवशी तुमची गाडी सुटली. संध्याकाळी मी तक्ता धरला तर यांनी 'अजून' जुळवलं. मी नाही म्हटलं. पुन्हा 'अजून'. मी चिडले, रडले. फ्रिजमध्ये तुमचा रस्सा उरला होता. तो गरम केला आणि भरवला. प्रत्येक चमच्याला विचारलं, आणखी हवा का; प्रत्येक वेळी डोळे मिटले. वाटी संपली. ताप त्यानंतर आला, ताई.

गरिमाला हे माहीत नाही. बुआनं पप्पांना मारलं, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आणि मी शेजारी बसून ऐकते. घरात आता मला ती एकटीच उरलीय. तिला तुमच्यावरच रागावू द्याल का?

आजवर केलीत तेवढी माया पुरे, जास्त मागत नाही.
विनिता