स्वावलंबनाला लागणारं शेण

खैरवाडी, ता. जामखेड
फेब्रुवारी १९७२

तीर्थस्वरूप नीलांबरीताईस,

शामकांतचा साष्टांग नमस्कार. येथे सर्व कुशल आहे (सर्व म्हणजे मी). तुझ्या गुडघ्याला निर्गुडीचा शेक चालू आहे ना? राधाकृष्णाला आणि सूनबाईंना आशीर्वाद सांग. सरोजिनी गेल्यापासून तू एकटा पडलास, दोन-चार महिने येऊन राहते, असं तू लिहिलंस. वाचून बरं वाटलं. पण ताई, त्या गुडघ्यानिशी पुण्याहून एस.टी.चे धक्के खात यायची काही गरज नाही. मी आता पूर्ण स्वावलंबी झालो आहे. हे मी म्हणत नाही, सरकार म्हणतं. ‘संपूर्ण स्वावलंबी कुटुंब’ अशी पाटीच माझ्या अंगणात ठोकली आहे (कुटुंबात कोण कोण, ते पाटीवर लिहीत नाहीत, बरं आहे).

झालं असं, की लढाई संपली, परक्यांनी मदत आखडली, आणि देशानं आता आपल्या पायावर उभं राहायचं असं रेडिओ सकाळ-संध्याकाळ सांगू लागला. ऐकायला घरात मी एकटाच, त्यामुळे ते सगळं माझ्यावरच येऊन पडलं. त्यात एक तरुण सरकारी साहेब गावात आले. म्हणाले, आपण रॉकेल जाळतो म्हणजे परकीय चलन जाळतो, त्याऐवजी शेणाचा गॅस करा. अंगणात विहिरीसारखा खड्डा, त्यात शेणकाला, वर उलटं घातलेलं लोखंडी पिंप. गॅस भरला की पिंप वर चढतं आणि नळीतून शेगडी पेटते. ज्यांच्याकडे गोठे भरलेले त्या सगळ्यांनी हात झटकले. मग साहेब माझ्याकडे आले आणि चांगला तासभर बोलत बसले. खरं सांगू का ताई, नाही म्हटलं असतं तर ते उठून गेले असते. म्हणून हो म्हटलं. जाता जाता त्यांनी विचारलं, गुरुजी, जनावरं किती? मी म्हटलं, बघतो. (या घरात मांजरसुद्धा टिकत नाही, ते तुला ठाऊक आहेच.)

आता त्या खड्ड्याला रोज चार-पाच जनावरांचं शेण लागतं. म्हणजे देशाला कोणाकडे हात पसरावा लागू नये म्हणून मी घमेलं घेऊन गावभर हिंडू लागलो. ज्या पोरांना त्रैराशिक येईना म्हणून अंगठे धरून उभं केलं, त्यांच्या गोठ्यासमोर मी उभा. शेजारच्या सूर्यभानची बायको गोजरबाई तर फाडकन म्हणाली, “गुर्जी, शेन तुमाला दिल्यावर आमी गवऱ्या कशाच्या थापू? आन् त्या शेनाच्या वाफंवर शिजलेलं खायचं व्हय?” मी म्हटलं, बाई, तुझी भाकरीसुद्धा शेणावरच भाजते की. तर म्हणे, “ती गवरी वाळल्याली असती. हे वलं हाय.”  शेवटी तडजोड झाली. सकाळी तिनं शेण आणून ओतायचं आणि खड्ड्याच्या दुसऱ्या तोंडातून जो काला बाहेर पडतो तो खत म्हणून शेतात न्यायचा.

पेटवायच्या दिवशी अख्खं गाव लोटलं. पिंपाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, साहेबांनी काडी लावली, आणि कोणाला काही दिसेना. या गॅसची ज्योत निळसर, भर उन्हात ती दिसतच नाही. लोक कुजबुजू लागले, साहेबांना घाम फुटला. सूर्यभान म्हणाला, “पेटलंय कुटं? काय बी न्हाई,” आणि खात्री करायला उपरण्याचं टोक शेगडीवर धरलं. मग मात्र दिसलं. त्याचं उपरणं विझवताना सगळी माणसं इतकी हसली, इतकी हसली, की मीही हसलो. सरोजिनीच्या तेराव्यानंतर इतकी माणसं अंगणात आलीच नव्हती. ती पांगली तेव्हा घर अगदी खायला उठलं.

असो. तर शेगडी झकास चालते. अडचण एवढीच की गॅस घरभर माणसांच्या हिशेबानं होतो. माझा मूठभर भात झाला तरी पिंप तसंच तरंगत असतं. मग मी पुन्हा पुन्हा चहा टाकतो आणि ओट्यावर बसतो, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला घ्या म्हणता येतं. पण माणसं कामाची असतात. गोजरबाई सकाळी घमेलं ओतताना चार शब्द बोलते, त्यावर माझा दिवस निघतो. तेव्हा तू काळजी करू नकोस आणि येण्याचा त्रास घेऊ नकोस.

तुझा धाकटा,
शामकांत

ता. क. : पत्र पुन्हा वाचलं. येऊ नकोस असं दोनदा लिहिलं आहे. ती दोन्ही वाक्यं सूनबाईंना वाचून दाखव, म्हणजे मी तुला बोलावलं असं व्हायचं नाही. तू मात्र ती खरी धरू नकोस. ये.

पुन्हा ता. क. : कोणत्या दिवशी निघणार ते कळवायला जमलं नाही तरी हरकत नाही. संध्याकाळच्या नगर गाडीला मी रोज फाट्यावर असतोच. गाडी गेली की परत येतो.