मास्तरांची मांडी

४ फेब्रुवारी
आले एकदाची! प्रयोगशाळा छोटी, पण लखलखीत. मॅडम कडक वाटतात, चहा मात्र स्वतः करून देतात. इथली रीत ऐकून हसूच आलं: नव्याने आलेल्याने आपल्या मांडीतला तीळभर स्नायू द्यायचा, निरोगी नमुना म्हणून. दिला. बशीत त्याचे तंतू वाढवायचे आणि विजेचे हलके झटके देऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायचा. आई फोनवर म्हणाली, चला, तुझा तेवढा तरी भाग हलेल.

२० फेब्रुवारी
आजारी नमुना मास्तरांचा. शाळेत कवायत शिकवायचे. आता स्नायू झिजत चाललेत. नातीला एकदा तरी कडेवर घ्यायचंय म्हणतात. सूक्ष्मदर्शकातून स्वतःचे थरथरणारे तंतू पाहिले आणि शाळेतल्या आवाजात हुकूम सोडला, विश्राम! मॅडमसुद्धा हसल्या. त्यांचाही नियम तोच: झटक्यांनंतर तंतूंना विश्राम हवाच.

४ मार्च
मास्तरांचे तंतू माझ्या तंतूंपेक्षा जाड! निकाल मांडायची परिषद तोंडावर आलीय. मी फक्त त्यांच्या बशीचा विश्राम गाळला, झटके वाढवले. मॅडमना उगाच कशाला सांगा.

९ मार्च
मास्तरांच्या सुनेचा फोन. नमुना घेतला ती मांडी सारखी आखडते, थांबतच नाही, ते रडतात. कधीपासून, विचारलं. मी विश्राम बंद केला तेव्हापासून. व्यायामाने दुखतंच, असं सांगून फोन ठेवला. यंत्र चालूच ठेवलं. निकाल इतके छान येत होते.

१२ मार्च
मास्तर आले. मांडी मनगटाएवढी झालीय. मी गुपचूप आत जाऊन यंत्र बंद केलं. बाहेर त्यांनी सुस्कारा सोडला. तुम्हाला भेटलं की बरं वाटतं म्हणाले, माझे आभार मानले. माझे! मेल्याहून मेल्यासारखं झालं.
ते गेल्यावर यंत्र पुन्हा सुरू केलं. परिषदेपुरतंच.

१५ मार्च
मास्तर गेले. आखडणं छातीपर्यंत चढलं, सून सांगत होती. नात कडेवर घ्यायची राहिलीच. मी मारलं त्यांना. मी. यंत्राची वायर उपटून टाकली.

१६ मार्च
वायर नाही. तरी त्यांची बशी हलतेय. एक-दोन, एक-दोन — कवायतीच्या तालावर. शेजारी माझी बशी. कालपर्यंत स्वस्थ होती. आता तीही —

१७ मार्च
माझी मांडी. जिथून तुकडा काढला तिथूनच — थांबत नाही — पोटापर्यंत आलंय. मॅडमना हाक मारली, आवाज फुटत नाही. मास्तर, चुकले. विश्राम म्हणा ना. एकदाच. मी तुम्हाला दिला नाही, पण तुम्ही —